बातमीतला 'धोका' नेमका किती फुटांचा?

चिखलीकर:
मंडळी, मी कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखलीचा. पेपरात काम केलेलं कुणी इथं असेल तर एक विचारायचं आहे. मथळ्यात 'धोका' शब्द टाकताना तुम्ही आकडा बघता का?

आमच्याकडं पावसाळ्यात चहाच्या आधी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी विचारतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ. २०१९ च्या आधीच्या एका जुलैत 'पंचगंगा धोक्याच्या उंबरठ्यावर' असा पानभर मथळा आला. आत, खालच्या परिच्छेदात, पातळी होती ३६ फूट २ इंच. इशाऱ्यालाच जवळजवळ तीन फूट कमी! वडिलांनी फक्त मथळा वाचला आणि भर पावसात चार म्हशी उंचावरच्या सोनतळीला हाकल्या. एक गाभण होती, ती वाटेत बसली, उठेना. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं.

२०१९ च्या ऑगस्टात पुन्हा तेच शब्द, तेवढ्याच मोठ्या टायपात. वडील म्हणाले, "दरवर्षीचंच हाय ह्यांचं, बघू उद्या." त्या खेपेला पाणी ५५ फूट ७ इंचावर जाऊन थांबलं. रात्री मी गोठ्यात उतरलो तर पाणी गव्हाणीच्या काठाला लागलेलं, कडबा तरंगत होता. दावी भिजून गाठी आवळल्या होत्या, विळ्यानं कापली. दोन म्हशी पोहत उंचावर लागल्या. दोन गेल्या. आम्ही सकाळी बोटीतनं निघालो.

थांबायचं वडिलांनीच ठरवलं, ते मी पेपरावर ढकलत नाही. पण त्यांना कशावर विश्वास ठेवायचा हेच कळेनासं झालं होतं.

डेस्कवरचा:
मी कोल्हापुरातच उपसंपादक होतो, आता निवृत्त. तुमचं वाचून गप्प बसवेना. आकडा बघतो, पण पान रात्री सुटतं आणि नदी रात्रभर चढते. सकाळी आकडा शिळा दिसेल म्हणून तो आत ढकलायचा आणि वर असा शब्द घ्यायचा जो सकाळपर्यंत टिकेल. 'उंबरठ्यावर', 'धोक्याकडे वाटचाल', 'धोक्याची घंटा'. हे मथळे मी स्वतः दिलेत. उंबरठा किती फुटांवर असतो हे मला कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. 'रात्री ११ वाजता ३६ फूट २ इंच' एवढं वर घ्यायला जागा होती. चूक होती ती.

बर्गेवाला:
पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, म्हणून थोडं लिहितो. 'धोका पातळी' ही त्या-त्या ठिकाणाची ठरलेली खूण असते. सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलावर इशारा ४० आणि धोका ४५. म्हणजे ४४ फूट पाणी इथं धोक्याच्या वर, तिथं खाली. दोन्ही शहरांची एकच बातमी करून 'नद्या धोक्यावर' लिहिलं की कुणालाच काही कळत नाही.

दुसरं, 'बंधारे पाण्याखाली'. हे वाचून पुण्यामुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरनं पावसाळ्यात पाणी जाणारच, तो तसाच बांधलेला असतो. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, आम्ही आधीच काढून ठेवतो. रहदारी बंद होते, लांबून जावं लागतं, ही बातमी आहेच. पण तिला धोका म्हणू नका. राधानगरीचंही तसंच. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. एका दरवाजातनं १४२८ क्युसेक. ते पाणी शहरात पोचायला काही तास लागतात. दरवाजा उघडला त्या क्षणी कोल्हापूर बुडालं असं लिहितात तेव्हा फार वाईट वाटतं.

सुतारवाडा:
तुमचं सगळं बरोबर, पण ४३ लाच धोका म्हणा असा हट्ट नको. नदी चढून जयंती नाल्याला फुगवटा आला की आमच्या सुतारवाड्यात दारात त्याच्या आधीच पाणी. पेपरात 'इशारा पातळी ओलांडली' असं येईपर्यंत आमची गाठोडी चित्रदुर्ग मठात पोचलेली असतात. आमच्या आईला 'इशारा' हा शब्द फार हलका वाटतो.

चिखलीकर:
सुतारवाडा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तुमचं खरं आहे.

डेस्कवरचे काका, तुम्ही उघडपणे लिहिलंत, वडिलांना वाचून दाखवलं. ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. २०२१ ला पाणी ५६ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही मथळ्याची वाट बघितली नव्हती. जनावरं वेळेत सोनतळीला होती. आता एक वही केली आहे. बंधाऱ्यावर किती फूट असताना आमच्या कुठल्या पायरीला पाणी लागतं, ते वडील सांगतात आणि मी लिहितो. पाणी शिवाजी पुलाच्या ठरलेल्या खुणेला टेकलं की जुनी माणसं 'मच्छिंद्री झाली' म्हणायची, तेव्हा आमच्या अंगणात कुठपर्यंत यायचं, तेही घातलंय.

बर्गेवाले, पहाटेची पातळी किती वाजता मोजलेली असते, तेवढं सांगा. वहीत वेळेचा रकाना मोकळाच आहे.