मणक्याच्या ऑपरेशनात जखमेत व्हॅन्कोमायसिन पावडर: आग्रह धरावा का?

कोथरूडची_लेक: आईच्या कमरेत, एल४-एल५ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याला), स्क्रू आणि रॉड टाकायचे आहेत. वय ६७, शुगर आहे. शेजारच्या काकांना टाके घालण्याआधी आत व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकची पावडर टाकली होती म्हणे. आमचे सर्जन म्हणतात, "मी सरसकट वापरत नाही." डॉक्टर बदलावा का?

निवृत्त_ओटी_सिस्टर: ताई, तेवढ्यासाठी बदलू नका. पावडर म्हणजे इंजेक्शनचीच एक ग्रॅमची वायल. पाणी न घालता जखमेत भुरभुरायची, मग टाके. औषध जागेवर भरपूर राहतं, रक्तात फार थोडं जातं. २०११ साली अमेरिकेतल्या जुन्या केसपेपरांवरून आकडे आले: इन्फेक्शन २.६ टक्क्यांवरून ०.२वर. मग काय, जो तो वायल मागायला लागला! पण २०१३ मध्ये कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलने ९०७ पेशंटचे दोन गट पाडून पाहिलं. शिरेतून अँटिबायोटिक सगळ्यांना, पावडर एकाच गटाला. पावडरवाल्यांत इन्फेक्शन १.६१ टक्के, बाकीच्यांत १.६८. मुळातच कमी असेल तिथे पावडर आणखी काय कमी करणार?

शिवाय हे औषध ग्राम-पॉझिटिव्ह नावाच्या एका गटातल्या जंतूंवरच चालतं, त्यात एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिकांना दाद न देणारा जंतू) आला. कमरेचं ड्रेसिंग बेडपॅन देताना भिजलं, तर शिरणारे जंतू बहुधा दुसऱ्याच जातीचे. वॉर्डात तिकडे डोळ्यात तेल घालून बघा.

सर्जनना विचारायचंच तर हे विचारा: चीर देण्याआधी तासाभरात सेफाझोलिन किंवा तसलं अँटिबायोटिक इंजेक्शन देणार ना? आणि आईचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) किती आहे?

हडपसरकर: आमच्या वडिलांना पावडर टाकली होती, तरी घरी आल्यावर टाक्यांतून पाणी आलं. केमिस्टने वरून मारायला अँटिबायोटिक पावडर दिली.

निवृत्त_ओटी_सिस्टर: केमिस्ट काय, काहीही देतो. ऑपरेशनमध्ये आत टाकलेली पावडर वेगळी गोष्ट. घरी पाणी आलं, ताप आला, कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवायचं. वरून काही फासायचं नाही, उरलेल्या गोळ्याही सुरू करायच्या नाहीत.

कोथरूडची_लेक: रिपोर्ट काढून पाहिला. एचबीए१सी ९.४!

निवृत्त_ओटी_सिस्टर: मग पावडर राहू द्या बाजूला, इतक्या वाढलेल्या शुगरनेच इन्फेक्शनचा धोका वाढतो. पायातली ताकद कमी होतेय का? लघवीवरचा ताबा जातोय का? तसं असेल तर थांबायचं नाही, आजच सर्जनना कळवा. तसं नसेल, तर शुगर आटोक्यात येईपर्यंत तारीख पुढे ढकलता येईल का, एवढं उद्या सकाळी फोन करून विचारा.