मुलं हावरट, आईबाप अडगळीत, यात हसू कसं आणायचं?

एकांकिका लिहितोय, तीन भावंडं म्हाताऱ्या आईबापाकडे ढुंकून बघत नाहीत पण घराच्या कागदांवर डोळा, वाचनाला सगळे नुसते रडतात, विनोद आणू कुठून?

> भावंडांना व्हिलन करू नकोस रे, ती स्वतःला श्रावणबाळच समजतात. एकजण बीपी मोजायला येतो आणि जाताजाता खोल्या मोजून जातो, असलं काहीतरी.

> मृत्युपत्र ठेव, बक्षीसपत्र नको. बक्षीसपत्र झालं की मालकी हयातीतच गेली, खेळ खल्लास. मृत्युपत्र म्हातारा शुद्धीत असेपर्यंत कितीदाही बदलू शकतो, मग दर बदलाला वेगळीच सून पाय चेपायला धावते.

> आईला गप्प बसवू नका प्लीज, नेहमी बापच भाषणं ठोकतो. तिला ऐकू येत नाही असं सगळे धरून चालतात, येतं मात्र सगळं.

बीपीचा सीन ढापतोय हां 😄