मदत हवी: एकाच शाफ्टवर रेसिड्युअल स्ट्रेसची (धातूत आत उरलेल्या ताणाची) दोन उलट रीडिंग

वाळूजकर: गिऱ्हाइकाला सोमवारी रिपोर्ट पाहिजे. कॉलेजच्या एक्सआरडीवर (एक्स-रेनं अणूंच्या थरांमधलं अंतर मोजणारं मशीन) मोजून आणलं. आधी कॉम्प्रेसिव्ह (दाबाचा ताण) आलं, परत लावलं तर टेन्साइल (ओढीचा)! शाफ्टवर बारीक छर्रे मारून दाबाचा ताण भरणारा पीनिंगवाला म्हणतो माझं काम चोख. खोटं कोण, मशीन का माणूस? लवकर सांगा.

क्षकिरण: स्टील कोणतं? एक्स-रेची ट्यूब कोणत्या धातूची? पीक (परतलेल्या किरणांचा उंचवटा) कोणत्या कोनाचा?

वाळूजकर: साधं कार्बन स्टील हो, ईएन८. ट्यूबचं काय?

जालना_सळई: आमच्याकडं एवढ्या रोलिंग मिला, सळईचा एक्सरे कुणी काढत नाही. ६०० डिग्रीला स्ट्रेस रिलीव्ह करा, विषय संपला.

क्षकिरण: भाऊ, पीनिंगनं मुद्दाम भरलेला ताणही त्यात उतरेल. मग पैसे कशाला घातले?

वाळूजकर: भांडू नका. कॉलेजात विचारलं. ट्यूब तांब्याची, पीक ४५ डिग्रीच्या जवळ.

क्षकिरण: मग रीडिंग स्थिर येणारच नाही. तांब्याच्या किरणांनी लोखंडातून फ्लोरोसन्स (लोखंडाचे स्वतःचे एक्स-रे) निघतो, बॅकग्राउंड चढतं. क्रोमियम ट्यूब हवी, २११ चा (स्फटिकातल्या २११ नावाच्या थरांचा) पीक, टू-थीटा (किरण वळण्याचा कोन) १५६ डिग्रीच्या आसपास. तेवढ्याच ताणाला तिथं पीक ४५ च्या मानानं अकरा पट सरकतो. साय कोन (पीस कलवण्याचा) बदलत डी (थरांमधलं अंतर) मोजा, साइन-स्क्वेअर-सायविरुद्ध रेघ काढा: चढली तर टेन्साइल, उतरली तर कॉम्प्रेसिव्ह. दोन रीडिंगच्या मध्ये पीसला काही केलं का?

वाळूजकर: गंज होता म्हणून लॅबच्या पोरानं एमरी (घासायचा कागद) मारली.

क्षकिरण: हे आत्ता सांगताय! हे किरण जेमतेम ५ मायक्रॉन आत जातात. एमरीनं तोच थर बिघडवला. वरचा थर इलेक्ट्रोपॉलिशनं (विजेनं विरघळवून) काढा, घासून नाही.

भोकपाड्या: एवढं कशाला? स्ट्रेन गेज (धातू किती ताणला ते मोजणारी पट्टी) चिकटवा, बारीक भोक पाडा, सुटलेला ताण त्यावर कळतो. त्याचं स्टँडर्ड एएसटीएम ई८३७. आम्ही तेच करतो, मिलिमीटरभर खोलीचं कळतं.

क्षकिरण: आणि भोकासकट शाफ्ट गिऱ्हाइकाला द्यायचा?

भोकपाड्या: नमुन्याचा पीस जादा ठेवायचा असतो, साहेब.

नांदेडकर_बाबा: मुलाला मेटलर्जी घ्यावी का? इथली मंडळी जाणकार दिसतात.

वाळूजकर: काका, वेगळा धागा काढा. संभाजीनगरात क्रोमियम ट्यूब कुणाकडं?

क्षकिरण: पोर्टेबल मशीनवाले कारखान्यात येतात, पुण्यात चौकशी करा. आले की आधी ताण नसलेल्या लोखंडी भुकटीवर रीडिंग घ्यायला लावा. तिथं शून्याच्या जवळ आलं नाही तर शाफ्टला हात लावू देऊ नका.

जालना_सळई: सोमवार मात्र गेला म्हणायचा.