चालण्याच्या वाटेवरचं झाड आणि पेव्हर ब्लॉक

मुलुंडकर: आमच्या उद्यानात पेव्हर ब्लॉक थेट पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याला भिडवलेत. पावसाळ्याआधी काढावेत का? ज्येष्ठांना सपाट वाटही हवी.

रानजाई: काढायलाच हवेत! मुळांना हवा-पाणी मिळत नाही. बुंध्याभोवती किमान १ मीटर मोकळं ठेवा. ब्रेकर (फोडायचं यंत्र) नको, मुळं तुटतात. पहारीने एकेक ब्लॉक उचला. खालची खडी काढून माती आणि पालापाचोळ्याचं खत भरा. बुंध्याला मातीचा ढीग लावू नका, साल कुजते.

सदाफुली: आधी वॉर्डच्या उद्यान विभागाला फोटोंसह लेखी अर्ज द्या. वाट वळसा घालून न्या.

रानजाई: मोकळ्या मातीला लागून असलेल्या वाटेच्या कडेला ब्लॉक उभे रोवा. नाहीतर पावसात ब्लॉकखालची वाळू वाहून कडेचे ब्लॉक हलतात आणि ज्येष्ठ तिथेच अडखळतात.