लिंगभाव-समावेशन धोरण: विद्यापीठाने नेमके काय ठरवावे?

प्रश्न
आमच्या विद्यापीठाने लिंगभाव ओळखीविषयीच्या समावेशन धोरणाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला आहे आणि विभागाच्या वतीने अभिप्राय मला लिहायचा आहे. विद्यार्थ्याने स्वतः सांगितलेले नाव वापरणे, सर्व शिक्षक-कर्मचाऱ्यांना सक्तीचे जाणीवजागृती प्रशिक्षण देणे आणि अभ्याससाहित्यात पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींचे चित्रण सकारात्मकच असणे, अशा तीन तरतुदी त्यात आहेत. पहिलीला माझा मनापासून पाठिंबा आहे. तिसरीमुळे मात्र वर्गातील मोकळी चर्चा खुंटेल असे वाटते. पण हरकत घेतली तर संपूर्ण धोरणालाच विरोध आहे असा अर्थ काढला जाईल, ही धास्तीही आहे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १
हरकत जरूर घ्या, पण सर्वाधिक पहिल्या तरतुदीवर लिहा. मी परीक्षा विभागात काम केले आहे. "सांगितलेले नाव वापरावे" एवढ्या एका वाक्याने काहीच बदलत नाही. प्रवेशाच्या वेळी नोंदलेले नाव हजेरीपटावर, ग्रंथालयाच्या ओळखपत्रावर, ईमेल पत्त्यात आणि परीक्षेच्या प्रवेशपत्रावर आपोआप उतरते. एकदा प्रवेशपत्रावरचे नाव आणि समोरचा चेहरा जुळेना म्हणून पर्यवेक्षकांनी एका विद्यार्थिनीला भर परीक्षेत उभे केले, तिचे जुने नाव मोठ्याने वाचले आणि खुलासा होईपर्यंत उत्तरपत्रिका अडवून ठेवली. त्यांच्या मनात आकस नव्हता. त्यांच्या हाती दिलेला कागदच तसा होता. पदवी प्रमाणपत्राला कायदेशीर नाव लागते हे मान्य, पण रोजच्या हजेरीला ते कशाला हवे? कोणत्या कागदावर कोणते नाव येईल, बदल कोण करील आणि किती दिवसांत, हे धोरणातच लिहून घ्या.

प्रतिसाद २
तिसऱ्या तरतुदीबद्दलची शंका रास्त आहे. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या धोरणात जवळपास हीच अट होती. तिथल्या ऑफिस फॉर स्टुडंट्स या उच्च शिक्षण नियामकाने मार्च २०२५ मध्ये विद्यापीठाला ५,८५,००० पौंडांचा दंड ठोठावला. अशा शब्दरचनेमुळे कायद्याच्या चौकटीतले मत मांडायलाही लोक कचरतील, असा त्याचा आक्षेप होता. विद्यापीठाने त्या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले. दंडाबद्दल मतभेद असू शकतात, परंतु छळ, जाणूनबुजून केलेला अपमान आणि भेदभाव यांना मनाई करणे वेगळे आणि अभ्यासातून कोणता सूर निघावा हे आधीच ठरवणे वेगळे. दुसरे काम धोरणाचे नव्हे.

प्रतिसाद ३
नावावरून फारसे वाद होत नाहीत. खरा पेच वसतिगृहे आणि स्वच्छतागृहांचा आहे, आणि मसुद्याने तो टाळलेला दिसतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतः ठरवलेल्या लिंगभाव ओळखीचा हक्क मान्य केला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या २०१० च्या समानता कायद्यापुरता 'स्त्री' या शब्दाचा अर्थ जैविक लिंगावरून लावला, पण पारलिंगी व्यक्तींना भेदभावापासून असलेले संरक्षण कायम असल्याचेही सांगितले. त्यामुळे परक्या विद्यापीठाचे धोरण जसेच्या तसे उचलणे धोक्याचे आहे. खासगीपणाची काळजी बोलून दाखवणाऱ्या विद्यार्थिनींचे म्हणणेही ऐकून घ्यायला हवे. स्वतंत्र स्नानगृह असलेल्या एकल खोल्या वाढवणे खर्चिक असले, तरी मला तोच सर्वांत न्याय्य मार्ग वाटतो.

प्रतिसाद ४
मी पारलिंगी विद्यार्थी आहे. एकल खोल्यांची सूचना मला पटते, मात्र त्या कोणालाही मागता आल्या पाहिजेत. केवळ आमच्यासाठी राखल्या, तर खोलीचा क्रमांकच आमची ओळख उघड करील. सरसकट सर्वांना व्याख्याने देण्यापेक्षा वसतिगृह अधीक्षक, सुरक्षारक्षक, समुपदेशक आणि परीक्षा विभाग यांना प्रत्यक्ष प्रसंग देऊन तयार करावे, कारण आमची गाठ रोज त्यांच्याशी पडते. शिवाय माझी जुनी नोंद कोण पाहू शकतो, हे ठरलेले असावे. माझ्या संमतीशिवाय घरी एक पत्र गेले, तर माझे शिक्षण थांबू शकते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. मसुदा पुन्हा वाचला. गोपनीयतेचे कलम त्यात नाहीच, म्हणून अभिप्रायात तीच पहिली मागणी करतो. अभ्याससाहित्याची अट वगळण्याची मागणी कारणांसह स्वतंत्र परिच्छेदात मांडेन. तक्रार विभागप्रमुखांकडेच करावी असेही मसुदा म्हणतो. तक्रार विभागप्रमुखांविरुद्धच असेल, तर ती कोणाकडे जावी, याबद्दल कोणाच्या विद्यापीठात नीट व्यवस्था असल्यास कृपया कळवावे.