मदत हवी आहे: आईचे पैसे तिच्या हाताशी ठेवून ब्रिटनमधला वारसा कर कमी करता येईल का?

आई 71 वर्षांची, तीसेक वर्षं इंग्लंडमध्येच. बाबा गेले तेव्हा त्यांचं सगळं तिच्याकडे आलं. घर 7,00,000 पौंड, बचत-गुंतवणूक 5,50,000, पुण्यातला फ्लॅट साधारण 1,00,000. ट्रस्ट करावा म्हणतो, पण पुढे केअर होमची वेळ आली तर पैसे अडकायला नकोत. काय करावं?

प्रतिसाद 1

आधी हिशोब. आईची 3,25,000ची करमुक्त मर्यादा आणि बाबांची न वापरलेली तेवढीच, शिवाय घर मुलांना जाणार असेल तर दोघांचे प्रत्येकी 1,75,000. एकूण 10 लाख. उरलेल्या 3,50,000 वर 40 टक्के, म्हणजे 1,40,000 पौंड कर. पुण्याचा फ्लॅटही धरायचा, कारण एप्रिल 2025 पासून मागच्या 20 पैकी 10 करवर्षं ब्रिटनमध्ये राहिलेल्यांची जगभरातली मालमत्ता कराच्या कक्षेत येते.

तुमच्या गरजेला लोन ट्रस्ट जवळचा. आधी ट्रस्ट करायचा, मग आईने विश्वस्तांना बिनव्याजी, मागितल्याबरोबर परत मिळणारं कर्ज द्यायचं. आई विश्वस्त होऊ शकते, लाभार्थी मात्र अजिबात नाही. कर्ज म्हणजे दान नव्हे, म्हणून सुरुवातीला कर नाही. विश्वस्त ते पैसे विमा कंपनीच्या इन्व्हेस्टमेंट बाँडमध्ये घालतात. मूळ रकमेच्या 5 टक्के दरवर्षी काढले तर त्या वेळी आयकर लागत नाही.

समजा 3,00,000 दिले, वर्षाला 15,000 परत घेतले आणि बाँड 4 टक्क्यांनी वाढला. दहा वर्षांनी बाँडमध्ये सुमारे 2,64,000 असतील आणि कर्ज 1,50,000 उरेल. मधले 1,14,000 आईच्या इस्टेटीबाहेर. पण पहिल्या दिवशी कर एक पौंडानेही कमी होत नाही, आणि परत आलेले 15,000 बँकेतच साठले तर ते पुन्हा इस्टेटीतच. ते खर्च व्हायलाच हवेत. लोक नेमकं इथेच फसतात.

प्रश्नकर्ता

एजंट डिस्काउंटेड गिफ्ट ट्रस्ट सुचवतोय. शिवाय घरच ट्रस्टमध्ये टाकलं तर?

प्रतिसाद 2

घर नको. आई तिथेच फुकट राहणार असेल तर ते दान कराच्या दृष्टीने तिचंच राहतं.

डिस्काउंटेड गिफ्ट ट्रस्टमध्ये आईला ठरलेली रक्कम आयुष्यभर मिळते. त्या हक्काची किंमत वय आणि तब्येतीवरून काढतात आणि तेवढी सूट लगेच मिळते. उरलेला भाग दान धरला जातो आणि आई त्यानंतर सात वर्षं जगली तरच तो करातून सुटतो. डॉक्टरांचा अहवाल पैसे भरण्याआधीच घ्या, नाहीतर आई गेल्यावर कर खातं या सवलतीचा आकडा मान्य करेलच असं नाही. मुद्दल मात्र कायमचं गेलं, त्यामुळे तुमच्या अटीत हे बसत नाही. दानाचा आकडा 3,25,000 च्या वर गेला तर बहुतेक प्रकारच्या ट्रस्टांत जादा रकमेवर तिथल्या तिथे 20 टक्के कर. बाबांची मर्यादा हयातीतल्या दानाला वापरता येत नाही, हे एजंटला स्पष्ट विचारा. केअर होमच्या खर्चासाठी कौन्सिल (तिथली स्थानिक पालिका) अशी दानं तपासते आणि पैसे मुद्दाम घालवले असं वाटलं तर ते आईचेच धरते.

लोन ट्रस्ट केलात तर 90 दिवसांत कर खात्याच्या ट्रस्ट नोंदणी सेवेत नोंदवा. दर परतफेडीची तारीख आणि रक्कम वहीत हवी. पुढे आईला उरलेलं कर्ज माफ करायचं असेल तर तोंडी चालत नाही, रीतसर डीड (कायदेशीर लेखी दस्त) करावं लागतं. माफ केलेली रक्कम त्या दिवसापासून दान धरली जाते आणि तिची सात वर्षं तिथून सुरू होतात.