सायकलचे ओले कपडे ऑफिसात वाळवायचे कुठे? आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-८०२ : सगळ्यांना नमस्कार. आपल्यापैकी पावसात सायकलने ऑफिसला जाणारं कोणी आहे का? मी तीन आठवड्यांपूर्वी माजिवड्याहून ऐरोलीला सायकलने जायला लागले. जाणं जमतंय, भिजायचंही काही वाटत नाही. पण पोचल्यावर ओल्या कपड्यांचं काय करायचं ते सुचत नाही. काल पिशवीत घालून टेबलाखाली ठेवले. संध्याकाळी पिशवी उघडली तर असा वास, की शेजारची मैत्रीण उठून दुसरीकडे जाऊन बसली. तेच कपडे घालून घरी यायचं अगदी जिवावर आलं.

ए-२०३ : अगं, एवढ्या पावसात सायकल? विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली किती पाणी तुंबतं माहीत आहे ना?

सी-८०२ : हो काकू. पाणी भरल्याचं कळलं की सायकल काढतच नाही, त्या दिवशी ट्रान्स-हार्बर लोकलने जाते.

ए-२०३ : मग ठीक. जपून जा गं.

बी-४०१ : ताई, त्याच रस्त्याने माझा हा सहावा पावसाळा. कोर्ट नाका, कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली, साधारण १२ किलोमीटर. तुमच्या जागी मी दोन वर्षं होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सवडीने वाचा.

ओला कपडा पिशवीत बंद करायचा नाही, एका मीटिंगपुरतासुद्धा नाही. वास आला तो कपडे नुसते ओले होते म्हणून नाही, ओले आणि कोंडलेले होते म्हणून. पोचलात की चहाच्या आधी त्यांची सोय लावायची.

आणि टांगायच्या आधी त्यातलं पाणी काढायचं. आपण हाताने पिळतो आणि बाकीचं पंख्यावर सोडून देतो, पण पिळलेल्या कपड्यातही बरंच पाणी उरतं. मी पंचा ठेवतो. टर्किश टॉवेल नको, तो स्वतःच दिवसभर ओला राहतो. आपला साधा सुती पंचा. बाथरूमच्या कोरड्या कोपऱ्यात तो दुहेरी पसरायचा. त्यावर पिळलेली जर्सी उलटी करून ठेवायची, बाह्या आत दुमडायच्या आणि अळूवडीचा उंडा वळतो तशी घट्ट गुंडाळी करायची. मग तिच्यावर गुडघा टेकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जायचं. पंचा भिजून जड होतो, कडेने थेंब गळतात. उलगडलं की जर्सी हाताला फक्त गार लागते. पॅडवाल्या शॉर्ट्सना हेच दोनदा करायचं, कारण सगळ्यात शेवटी वाळतो तो पॅड. टांगताना शॉर्ट्स उलटी, पॅड पंख्याकडे. पंचा पिळून शेजारीच टाकायचा, पातळ असतो, संध्याकाळपर्यंत वाळतो.

कॉटनचा टीशर्ट घालत असाल तर तो आधी बदला. सुताचा धागाच पाणी पितो. पॉलिस्टरचा धागा जवळजवळ पीत नाही, पाणी नुसतं धाग्यांच्या मधे अडकून राहतं, ते पंच्याने निघतं. असा पॉलिस्टरचा कपडा वाऱ्यावर जेवायच्या सुट्टीपर्यंत वाळतो. कॉटनचा निघताना दमटच असतो.

सी-८०२ : दादा, हे रेनकोट घालूनसुद्धा? माझा रेनकोट चांगला आहे, तरी आतून चिंब होते.

बी-४०१ : तो घाम. आपल्याकडे जुलैतही उकडतं आणि हवा इतकी दमट असते की घाम उडत नाही. साध्या रेनकोटात चढावर पेडल मारलं की आतून भिजायचंच. मी रेनकोट घालत नाही. पातळ जर्सी, शॉर्ट्स, भिजायचं ते भिजायचं. कोरडं ठेवायचं ते फक्त सामान. ड्राय बॅगचं, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीचं, तोंड तीनदा गुंडाळून मगच क्लिप लावा. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड, पुढच्याला खाली रबराचा पडदा. वरून पडणारं पाणी स्वच्छ असतं, चाकाने उडवलेलं नसतं. ठाणे-बेलापूर रोडवर ट्रकच्या मागचं पाणी तेलकट काळं असतं. ते पाठीवर बसलं की कपडा वाळूनही घालवत नाही. मडगार्ड नसताना माझे बूट पहिल्या पाच मिनिटांत भरायचे.

ए-१००१ : टांगायचे कुठे पण? आमच्या ऑफिसात एकाने सर्व्हर रूममध्ये टांगले होते, तिथे गार हवा जोरात असते म्हणून. कृपा करून कोणी असं करू नका. यूपीएसवर, सर्व्हरवर एक थेंबसुद्धा महागात पडतो.

बी-४०१ : अगदी बरोबर. जागेच्या बाबतीत मी स्वतः चूक केली आहे, ती सांगतो. दुसऱ्या पावसाळ्यात मी तेव्हाच्या ऑफिसच्या फायर एग्झिटच्या जिन्यात कठड्यावर कपडे टाकायचो. तिथे कोणी येत नाही, वारा असतो. एके दिवशी संध्याकाळी बघतो तर कपडे गायब. अ‍ॅडमिनने कचऱ्याच्या काळ्या पिशवीत गाठ मारून ठेवून दिले होते, सकाळपासून. मला फार लागलं होतं ते. सांगितलं असतं तर मी लगेच काढले असते. पण जिन्याबाबत त्यांचं म्हणणं बरोबर होतं. धूर झाला तर लोक त्याच जिन्याने अंधारात धावत उतरणार, तिथे पायात काही येता कामा नये.

त्यानंतर आम्ही सायकलने येणारे सहा जण एकत्र गेलो आणि लेखी मागितलं. एक दोरी, एक पंखा, दाराला कडी असलेला एक कोपरा. न वापरलेल्या पँट्रीची खोली मिळाली. एकट्याने मागितलं तर ती तुमची अडचण वाटते, सहा जणांनी मागितलं तर ऑफिसची सोय वाटते. तुमच्याकडे आणखी कोण सायकलने येतं ते आधी शोधा. हाउसकीपिंगच्या लोकांना विचारा, त्यांच्यातले कितीतरी जण सायकलनेच येतात.

आणि जागा आतलीच मागा. आपल्याला वाटतं खिडकीबाहेर वारा आहे. पावसाळ्यात बाहेरची हवा पाण्याने भरलेली असते, ती कपड्यातलं आणखी पाणी घेईल कशी? एसी हवेतलं पाणी काढून टाकतो. एसीच्या पाइपातून दिवसभर जे ठिबकतं ते हवेतलंच असतं. त्यामुळे एसीच्या खोलीत, छोट्या टेबल फॅनसमोर, दोन कपड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवून. एकावर एक टाकले तर पंखा असून नसल्यासारखा.

ए-२०३ : आमच्या लहानपणी कोकणात घरी शेगडीवर वेताची टोपली पालथी घालायचे आणि त्यावर बाळाचे लंगोट. चार-चार दिवस ऊन नसायचं, तरी खडखडीत वाळायचे.

ए-१००१ : काकू, त्याचं कारण सांगतो. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते. २७ अंशांची हवा ९० टक्के दमट असली आणि तीच ३८ अंशांपर्यंत तापवली, तर तिचा दमटपणा निम्म्यावर येतो. तुमची शेगडी तेच करत होती. ऑफिसात मात्र रूम हीटरसमोर कपडे टांगू नका, त्यापायी आगी लागतात.

डी-६०४ : दवाखान्यातून लिहितेय, थोडक्यात. बी-४०१ म्हणतात ते वासाचं खरं आहे. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दमट कपड्यांच्या कुबट वासामागचा मुख्य जिवाणू शोधला, मोराक्झेला ओस्लोएन्सिस. तो वाळवण्याला आणि उन्हाला बऱ्यापैकी पुरून उरतो. म्हणूनच धुतलेला, वाळलेला कपडा पुन्हा भिजला की लगेच वास मारतो. असा कपडा लेबल बघून सोसेल तितक्या गरम पाण्यात भिजवून धुवा. कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका, त्याचा थर बसतो आणि घाम टिपायचा कपडा घाम टिपेनासा होतो.

आता माझ्या कामाचं. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे येणाऱ्यांत मांडीच्या सांध्यातला नायटा फार असतो. ओल्या शॉर्ट्सवर कोरडी पँट चढवून दिवसभर बसणारे लोक आहेत! पोचल्याबरोबर सगळं बदला, आतले कपडेसुद्धा. सांधे आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा. खाज आली तर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका. खाज थांबते, नायटा आतून पसरतो आणि मग नेहमीच्या औषधांनाही दाद देत नाही. आणि तुंबलेल्या पाण्यातून पाय गेले आणि पायाला चीर किंवा जखम असेल तर ताप यायची वाट बघू नका. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू, उंदरांच्या लघवीतून त्या पाण्यात येतो. २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, प्रतिबंधक गोळी त्याच मुदतीत घ्यायची असते.

सी-८०२ : सगळ्यांचे खूप आभार. पंचा आजच आणते. बुटांचं काय करू?

बी-४०१ : आतला सोल बाहेर काढून वेगळा ठेवायचा. जुने पेपर चुरगाळून पार पंजापर्यंत कोंबायचे, टाच वर करून भिंतीला टेकवायचे. तासाभराने कागद बदलायचे, हे लोक विसरतात. ओला कागद आत राहिला तर बूट ओलाच. दुपारपर्यंत दोन-तीनदा बदलले की संध्याकाळी बरे असतात. आणि ऑफिसच्या खणात कोरडे मोजे नेहमी हवेत. मी तर सोमवारी ट्रेनने जातो, आठवड्याचे इस्त्रीचे शर्ट आणि सायकलचा एक जादा जोड घेऊन. काही वाळलं नाही तरी निघताना कोरडं घालायला मिळतं. सकाळी भिजायचं दुःख नसतं, संध्याकाळी गार ओलसर कपड्यात पाय घालताना मन मोडतं. माझ्या ओळखीचे जितके लोक पावसात सायकल सोडून बसले, ते सगळे त्या संध्याकाळच्या ओल्या कपड्यांमुळे.

एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे, विषय निघालाच आहे तर लिहितो. सकाळी सव्वासातच्या सुमाराला कळवा पुलावर मला समोरून एक सायकल भेटते. आपले दिवसपाळीचे वॉचमनदादा. ते दिघ्याहून इकडे येतात, मी तिकडे जातो. जवळपास तेवढाच पाऊस, तोच रस्ता. मी पोचतो तिथे माझ्यासाठी दोरी आहे, पंखा आहे, कोरडा शर्ट आहे. ते पोचतात आपल्या गेटवर आणि युनिफॉर्म अंगावरच असतो. मंगळवारी मला सुट्टी होती, दूध आणायला उतरलो तेव्हा ते केबिनच्या पायरीवर बसून बुटातलं पाणी ओतत होते. मग तोच मोजा पिळून परत घातला आणि गेट उघडायला उठले, कारण एक गाडी हॉर्न देत होती. रात्री ८ वाजता मी फेरी मारायला उतरलो तेव्हा त्यांच्या कॉलरवर पांढऱ्या मिठाची रेघ उमटली होती. कपडे अंगावरच वाळले होते. सहा वर्षं मी या विषयावर सगळ्यांना सांगत आलो आणि हे माझ्या लक्षात यायला सहा वर्षं लागली, याचं मला वाईट वाटतंय.

ए-२०३ : अरे देवा. रोज आपण त्यांना गुड मॉर्निंग म्हणून जातो.

डी-६०४ : गेल्या महिन्यात ते माझ्याकडे येऊन गेले होते. यापुढे काही सांगणं बरं नाही, पण ही सोय लवकर करा.

सेक्रेटरी : वाचलं. मीटर रूममध्ये आणि जिन्याखाली कपडे टांगायला परवानगी देता येणार नाही, ते फायर सेफ्टीत बसत नाही. क्लबहाउसच्या मागची चेंजिंग रूम रिकामी असते. एग्झॉस्ट आहे, दाराला आतून कडी आहे. पंखा नाही.

ए-२०३ : माझा टेबल फॅन माळ्यावर पडून आहे. मुलगा काढून देईल.

ए-१००१ : तिथल्या प्लगचं अर्थिंग मी आज संध्याकाळी तपासतो. ओल्या हाताने लोक बटण दाबणार.

सी-८०२ : पंचे मी आणते, चार. कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगूया ना? बाळकुमहून चालत येतात त्या, साडी पोटरीपर्यंत ओली असते.

सेक्रेटरी : खोली सगळ्यांनाच. सकाळी १० ते १२ बायकांसाठी, दारावर पाटी लावतो. दादांच्या युनिफॉर्मचं सिक्युरिटी एजन्सीला विचारलं, एकच जोड दिलाय म्हणतात. दुसऱ्या जोडाचं पत्र आज देतो. नाही दिला तर कमिटी शिवून देईल, रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेतो.

दुसऱ्या दिवशी

सेक्रेटरी : दोरी काल रात्री बांधली. दादा पाऊण तासापूर्वी आले, पूर्ण भिजलेले. माझ्या मुलाचा ट्रॅकसूट सध्या घातलाय, शर्ट-पँट पंख्यासमोर आहेत. पंच्याची गुंडाळी त्यांनी स्वतः केली, एका पंच्यात भागलं नाही, दोन लागले.

बी-४०१ : ऐरोलीला पोचलो. आज पूल ओलांडताना त्यांनी हात केला. बुटांत कागद घातलेत का?

सेक्रेटरी : घातलेत. सोल बाहेर काढून ठेवलेत.

बी-४०१ : नऊच्या सुमाराला कोणी बदलाल का? ते गेट सोडून जाणार नाहीत.

ए-२०३ : मी जाते. कालचे पेपर घेऊन उतरतेच आहे.